न दिलेलें बलुतें
(नभोवाणीवरून दिलेलें भाषण)

आमच्या धर्माबाद तालुक्यांत गोदावरीच्या कांठीं बाभळी नांवाचें गांव आहे. तेथें महाराष्ट्र सरकारनें नदीवर बंधारा बांधला आहे, आणि त्याच्या खालच्या अंगाला, तेलंगणांत, श्रीरामसागर हें मोठें धरण आहे. आमच्याकडील वृद्ध माणसें त्याला अजून पोचंपाड म्हणतात. या दोन ठिकाणच्या पाण्यावरून दोन राज्यांचा वाद कित्येक वर्षें चालला. अखेरीस २८ फेब्रुवारी २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला. बाभळीस २.७४ अब्ज घनफूट पाणी अडवावें; मात्र १ जुलैपासून २८ ऑक्टोबरपर्यंत दरवाजे उघडे असावे, दरवर्षीं १ मार्च रोजीं ०.६ अब्ज घनफूट पाणी खालीं सोडावें, आणि हें सर्व नीट चालतें कीं नाहीं हें पाहण्यास तिघांची समिति असावी, असें ठरलें.

आज मला नदीविषयीं बोलावयाचें नाहीं. परंतु संगणकाचें सॉफ्टवेअर रचणाऱ्या कारागिरांच्या बोलींत 'अपस्ट्रीम' आणि 'डाउनस्ट्रीम' हे दोन शब्द नित्याचे आहेत. वरचा अंग आणि खालचा अंग, असाच त्यांचा अर्थ. एकानें लिहिलेलें साधन दुसरा घेतो, त्यावर आपलें कांहीं रचतो. तें तिसरा घेतो. वरच्यानें दरवाजे लावले तर खालचा कोरडा पडतो; वरच्याच्या पाण्यांत कोणीं कांहीं कालवलें तर खालचा तेंच पितो. मी यंत्रविद्येचा पंडित नव्हें. शाळेंत इतिहास आणि मराठी शिकविण्यांत माझा जन्म गेला. तथापि घरोघरीं मोबाइलवर उमटणारें प्रत्येक मराठी अक्षर याच प्रवाहांतून येत असल्यामुळें, या परस्परावलंबनाचा इतिहास आपणां सर्वांचाच आहे असें मला वाटतें.

प्रथम शब्दांचे अर्थ पाहूं. पुस्तकाचें हस्तलिखित आणि बांधून तयार झालेलें पुस्तक यांत जसें अंतर असतें, तसेंच माणसानें लिहिलेला प्रोग्रॅम आणि संगणकावर प्रत्यक्ष चालणारें सॉफ्टवेअर यांत असतें. हस्तलिखित जुळाऱ्याकडे जातें, मुद्रितें तपासलीं जातात, फर्मे छापले जातात, मग बांधणी होते. प्रोग्रॅमचेंहि असेंच आहे. त्या सर्व क्रियेला 'बिल्ड' म्हणतात. आपण तिला बांधणी म्हणूं. शिवाय आज कोणीहि मोठा प्रोग्रॅम आरंभापासून अखेरपर्यंत स्वतः लिहीत नाहीं. तारीख मांडणारा तुकडा एकाचा, चित्र लहान करणारा दुसऱ्याचा, अक्षरें जुळविणारा तिसऱ्याचा, असे तयार तुकडे घेऊन तो रचला जातो. या तुकड्यांना पॅकेज म्हणतात. प्रत्येक पॅकेजला स्वतःच्या गरजा असतात. त्या गरजांना पुन्हां आपल्या गरजा असतात. वंशावळीसारखा हा विस्तार शेंकड्यांच्या घरांत जातो. कोणता तुकडा घ्यावा, त्याची कोणती आवृत्ति घ्यावी, आणि कोणत्या क्रमानें बांधणी करावी, या तीन चिंता वाहणाऱ्या साधनांची ही कथा आहे.

अशी व्यवस्था आपल्या लोकांस नवी नाहीं. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं 'गांव-गाडा' हें पुस्तक लिहिलें. त्यांत जुन्या खेड्यांतील बलुतेदारीचें सविस्तर वर्णन आहे. कुणब्याचा नांगर सुतारानें नीट करावा, फाळ लोहारानें शेवटावा, मोट चांभारानें सांधावी, आणि सुगीच्या वेळीं खळ्यावर प्रत्येकानें आपला धान्याचा वांटा, म्हणजे बलुतें, घेऊन जावें. या रचनेंत जातीची बेडी होती, आणि ती लहानसहान नव्हती. महार वतनाच्या जाचाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबई कायदेमंडळांत विधेयक मांडलें, तें उगाच नव्हे. ती बेडी तुटली पाहिजे होती यांत शंका नाहीं. परंतु त्या रचनेंतील एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. बलुतें मिळे तें नुसत्या नव्या नांगराबद्दल नव्हे, तर वर्षभर नांगर चालूं ठेवण्याबद्दल. दुरुस्तीला वांटा ठरलेला होता.

आतां संगणकाच्या इतिहासाकडे वळूं. १९७६ सालीं अमेरिकेंत न्यू जर्सी येथील बेल प्रयोगशाळेंत स्टुअर्ट फेल्डमन नांवाचे गृहस्थ काम करीत. त्यांचे एक सहकारी, स्टीफन जॉन्सन, एके दिवशीं त्रागा करीत त्यांच्या खोलींत आले. एका प्रोग्रॅममधील चूक शोधण्यांत त्यांची अख्खी सकाळ वायां गेली होती. चूक त्यांनीं आधींच दुरुस्त केली होती. परंतु दुरुस्त केलेल्या भागाची नव्यानें बांधणी करावयाची राहिली होती, आणि ते जुनाच प्रोग्रॅम पुनःपुन्हां तपाशीत बसले होते. हें ऐकून फेल्डमन यांनीं 'मेक' नांवाचें साधन रचलें. कोणता भाग कोणत्या भागावर अवलंबून आहे याची यादी 'मेक'ला एकदां द्यावी. मग जें बदललें असेल, आणि त्यावर जें अवलंबून असेल, तेवढेंच तें नव्यानें बांधतें. कल्पना इतकी साधी, कीं आज जवळजवळ पन्नास वर्षांनींहि ती वापरांत आहे. या कामासाठीं फेल्डमन यांस २००३ सालीं संगणकशास्त्रज्ञांच्या ए. सी. एम. या संस्थेचें पारितोषिक मिळालें.

त्या यादींत एक खोड राहून गेली. कांहीं ओळींच्या आरंभीं 'टॅब' हीच कळ दाबावी लागते. साध्या मोकळ्या जागा सोडल्या तर सर्व बिघडतें. ही अडचण फेल्डमन यांच्या कांहीं आठवड्यांतच ध्यानांत आली होती. परंतु तोंवर सुमारें डझनभर लोक 'मेक' वापरूं लागले होते, बहुतेक त्यांचे मित्रच, आणि त्यांची गैरसोय करणें त्यांना बरें वाटलें नाहीं. त्या डझनभर मित्रांच्या भिडेपायीं पुढच्या लक्षावधि माणसांनीं टॅबच्या ठेंचा खाल्ल्या! श्रोतेहो, ज्याच्यावर दुसरे अवलंबून राहूं लागले, त्याला आपली चूकहि सहज सुधारतां येत नाहीं. इतिहासांत रूढि कशा जन्मतात याचें इतकें स्वच्छ उदाहरण मला दुसरें सांपडलेलें नाहीं.

पुढें सामाईक कोठारांचा काळ आला. १९८३ सालीं रिचर्ड स्टॉलमन यांनीं मुक्त सॉफ्टवेअरची घोषणा केली. १९९१ सालीं लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें 'लिनक्स' प्रसिद्ध केलें. १९९३ सालीं इयन मर्डॉक यांनीं 'डेबियन'चा आरंभ केला. प्रत्येक पॅकेजची जबाबदारी नांवानिशीं कोणावर तरी असावी, ही डेबियनची शिस्त. १९९५ सालीं 'पर्ल' भाषेचें कोठार उघडलें. २००५ सालीं टॉरवाल्ड्स यांनींच 'गिट' हें साधन केलें. कोणीं, केव्हां, कोणती ओळ बदलली याची अखंड बखर तें ठेवतें. वेबच्या कामासाठीं २०१० सालीं आयझॅक श्लूटर यांनीं 'एनपीएम' हें कोठार सुरू केलें, आणि तें पाहतां पाहतां अवाढव्य झालें. एक ओळ लिहावी, आणि हवा तो तुकडा त्याच्या सर्व गोतावळ्यासह क्षणांत दारीं हजर व्हावा, अशी सोय झाली. जेथें मिळणें सोपें, तेथें घेणारा कोणाकडून घेतलें याची चौकशी करीत नाहीं, हें मात्र त्या सोयीबरोबरच आलें.

मराठीची गोष्ट या प्रवाहांत कोठें येते? आमचें धर्माबाद मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावर आहे. हा मार्ग निजामाच्या अमदानींत झाला तेव्हां मीटर गेजचा होता, आणि मनमाडास मोठ्या रुळांचा मार्ग लागे. रुळांची रुंदी जुळत नसल्यामुळें एका गाडींतील माल उतरवून दुसरींत भरावा लागे. संगणकावरील मराठीची अवस्था कित्येक वर्षें अगदीं अशीच होती. प्रत्येक छापखान्याचा फॉन्ट निराळा आणि प्रत्येक फॉन्टची आंतील मांडणी निराळी. एके वर्षीं आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका मीं एका ठिकाणीं टंकित करून घेतली आणि दुसऱ्या ठिकाणीं छापावयास दिली. तेथील संगणकावर सरस्वतीवंदनेच्या जागीं इंग्रजी अक्षरें आणि चिन्हें यांची खिचडी उमटली. दोष त्या दोघांचाहि नव्हता. रूळ जुळत नव्हते इतकेंच.

रूळ जुळविण्याचें काम दोन टप्प्यांनीं झालें. पुण्यास १९८८ सालीं 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली. आय. आय. टी. कानपूर येथें आरंभलेलें भारतीय लिपींचें काम तिनें पुढें नेलें. १९९१ सालीं 'इस्की' हें भारतीय लिपींचें संकेतमान अधिकृत झालें. त्याच वर्षीं 'युनिकोड' ही जागतिक संकेतपद्धति प्रसिद्ध झाली, आणि तिच्यांतील देवनागरीची मांडणी 'इस्की'च्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली होती. तेव्हां जगाच्या नदींत मराठीचा ओघ आधींपासूनच मिळालेला आहे. आपण केवळ खालच्या अंगाचे नाहीं.

संकेत ठरला म्हणून अक्षर दिसतेंच असें नाहीं. याचें उदाहरण शाळेंतलेंच देतों. 'आचार्यांना दक्षिणा दिली' आणि 'आचाऱ्यांना दक्षिणा दिली' या दोन वाक्यांत मान विद्वानाचा कीं स्वयंपाक्याचा, हें केवळ एका रकारावर ठरतें. पहिल्यांत रफार आहे. दुसऱ्यांत ज्याला आपण पापणीसारखा अर्धा र म्हणूं, तो आहे. 'दऱ्या', 'सुऱ्या', 'तऱ्हा' यांत तोच येतो. हिंदीला त्याची गरज पडत नाहीं. मराठीचें त्यावांचून अडतें. हा एवढासा र पडद्यावर उमटावा म्हणून चार मजले उभे असावे लागतात. युनिकोडनें त्याचा नियम सांगितलेला असावा. टंकावयास कळ असावी. फॉन्टमध्यें त्याची आकृति असावी. आणि नियम वाचून योग्य ती आकृति निवडणारें यंत्र मध्यें असावें. अशा यंत्रांपैकीं एकाचें नांव 'हार्फबझ'. इराणांत जन्मलेले बेहदाद एस्फहबोद यांचें तें मुख्यतः काम. हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे खुलें. असे हे फारसी शब्द. निजामी राजवटींत उर्दूंतून शिकलेल्या आमच्या वडिलांच्या पिढीला 'हर्फ' निराळा समजावून द्यावा लागला नसता. अँड्रॉइडचे मोबाइल, फायरफॉक्स, क्रोम हे सर्व आज याच एका सामाईक साधनावर अक्षरें जुळवितात. तेथें देवनागरीचा एक नियम चुकला, तर नांदेडपासून न्यू जर्सीपर्यंतच्या मराठी घरांत आचार्य आणि आचारी यांची गल्लत होईल!

या सर्वांवर रचलेलें सार्वजनिक काम म्हणजे मराठी विकिपीडिया. १ मे २००३ रोजीं, महाराष्ट्र दिनीं, ती सुरू झाली. जगांतील शेंकडो भाषांच्या विकिपीडिया ज्या एकाच सॉफ्टवेअरवर चालतात त्याचें नांव 'मीडियाविकि'. निरनिराळ्या देशांतील माणसें, त्यांपैकीं पुष्कळशीं विनावेतन, तें मिळून लिहितात. २०१२ पासून हें काम 'गिट'मध्यें आहे. तेथील रीत अशी. एकानें केलेला बदल दुसऱ्या अधिकारी माणसानें वाचून संमत केल्यावांचून आंत घेतला जात नाहीं, आणि यंत्रेंहि त्याची आपोआप परीक्षा घेतात. बाहेरून घेतलेल्या पॅकेजांची एक प्रत ही मंडळी स्वतःच्या कोठारांत ठेवतात. ऐन प्रकाशनाच्या वेळीं दुसऱ्याच्या दारीं मागावयास जात नाहींत. मराठी टंकण्याची सोय त्यांनीं निराळ्या सुट्या तुकड्यांत ठेविली आहे. त्यांत मराठीसाठीं इन्स्क्रिप्ट आहे, तसेंच रोमन कळांवरून देवनागरी लिहिण्याची पद्धतीहि आहे. सुटा तुकडा असल्यामुळें इतर संकेतस्थळांनाहि तो उचलून नेतां येतो. अशा रीतीनें विकिपीडिया स्वतः खालच्या अंगाची असूनहि कोणाची तरी वरच्या अंगाची झाली आहे.

स्वतःच्या कोठारांत प्रत ठेवणें हा अतिसावधपणा नव्हे, हें २२ मार्च २०१६ रोजीं जगाला कळलें. अझेर कोचुलू या प्रोग्रॅमरचें एका पॅकेजच्या नांवावरून एका कंपनीशीं भांडण झालें. कोठाराच्या चालकांनीं तें नांव कंपनीस दिलें. रागावून त्यांनीं आपलीं २७३ पॅकेजें कोठारांतून काढून घेतलीं. त्यांत 'लेफ्ट-पॅड' नांवाचा अकरा ओळींचा एक तुकडा होता. त्याचें काम काय? हजेरीपटावर ७ हा क्रमांक ००७ असा लिहावयाचा, म्हणजे डावीकडे शून्यें किंवा मोकळ्या जागा भरावयाच्या! इयत्ता दुसरींतील मुलाला सांगावें असें हें काम. परंतु अनेक मोठीं साधनें, कोणी दुसऱ्या, कोणी तिसऱ्या पिढीनें, या अकरा ओळींवर अवलंबून होतीं. जगभर बांधण्या थांबल्या. सुमारें दोन तासांनीं कोठाराच्या चालकांनीं तो तुकडा लेखकाच्या इच्छेची वाट न पाहतां परत ठेविला, आणि पुढें प्रसिद्ध झालेलें पॅकेज मन मानेल तेव्हां काढून घेण्यावर निर्बंध घातले.

या प्रसंगानंतर सावधगिरीचीं साधनें अधिक निष्ठेनें वापरलीं जाऊं लागलीं. त्यांतील मुख्य म्हणजे कुलूपबंद यादी. कोणत्या तुकड्याची नेमकी कोणती आवृत्ति घेतली, आणि तिचा अंकरूप ठसा कोणता, हें या यादींत लिहून ठेवावयाचें. त्यामुळें पुण्यांतील मुलगी आणि बर्लिनमधील मुलगा एकच काम करीत असतां दोघांची बांधणी तंतोतंत एक होते. आवृत्तीचे क्रमांकहि बहुधा तीन अंकांनीं देतात. शेवटचा अंक वाढला तर केवळ दुरुस्ती. मधला वाढला तर नवी भर, पण जुनें अबाधित. पहिला वाढला तर जुन्याशीं जुळेलच असें नाहीं. मात्र हा केवळ शब्द आहे. तो पाळणें माणसाच्या हातीं.

आणि माणूस हाच या इतिहासाचा खरा नाजूक सांधा आहे. 'एक्सझेड' नांवाचें, माहिती दाबून लहान करणारें एक साधन आहे. लिनक्सच्या बहुतेक सर्व यंत्रांवर तें असतें. वर्षानुवर्षें त्याची निगा एकच मनुष्य, वेतनावांचून, राखीत होता. तो थकला होता, आणि कामाला उशीर होतो म्हणून लोक त्याला बोल लावीत होते. अशा वेळीं 'जिया टॅन' असें नांव सांगणारा एक मदतनीस आला. दोन वर्षांहून अधिक काळ त्यानें नीटनेटकें काम केलें, विश्वास संपादन केला, आणि हळूहळू किल्ल्या त्याच्या हातीं आल्या. २०२४ च्या आरंभीं त्यानें ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत एक चोरदरवाजा बसविला, कीं ज्यांतून परक्याला दुसऱ्याच्या यंत्रांत शिरतां यावें. युक्ति अशी, कीं सर्वांस दिसणाऱ्या बखरींत चोरीची किल्ली नव्हती. प्रकाशनासाठीं बांधलेल्या गठ्ठ्यांतील बांधणीच्या सूचनांत ती दडविली होती. जी बांधणी कोणी वाचीत नाहीं, तेथेंच त्यानें हात घातला. अँड्रेस फ्रॉइंड नांवाच्या प्रोग्रॅमरला आपल्या यंत्रांत दूरून प्रवेश होण्यास सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो असें आढळलें. त्यानें तें सोडून न देतां मुळाशीं जाऊन शोध घेतला, आणि २९ मार्च २०२४ रोजीं सर्वांस सावध केलें. चोरदरवाजा सर्वत्र पसरण्यापूर्वींच सांपडला. अर्ध्या सेकंदाची चुकामूक मनावर घेणारा एक चिकित्सक माणूस होता म्हणून जग वांचलें.

श्रोतेहो, या दोन्ही प्रसंगांत साधनें मोडलीं नव्हतीं. एकाचा मान दुखावला होता. दुसरा एकटा पडला होता. कुलूपबंद यादी चांगली, स्वतःचें कोठार चांगलें. परंतु ज्याच्या अंगणांतून पाणी येतें त्याची विचारपूस करणारा कोणीच नसेल, तर कोणतीहि यादी पुरी पडणार नाहीं. जुन्या गांवगाड्यांत नांगर दुरुस्त करणाऱ्याचें बलुतें ठरलेलें होतें. आज आपण जगांतील लोहारसुतारांकडून रोज नांगर दुरुस्त करून घेतों आणि सुगीच्या वेळीं खळ्यावर कोणालाच बोलावीत नाहीं. जातीची बेडी गेली हें योग्यच झालें. बेडीबरोबर दुरुस्तीचा वांटाहि गेला, हें मात्र योग्य झालें नाहीं.

आपल्या शहरी घरांत हल्लीं एक तरी मूल पुण्यास, हैदराबादेस किंवा परदेशीं या व्यवसायांत असतें. त्याला पगार किती हें आपण कौतुकानें विचारतों. एकदां असेंहि विचारावें, कीं बाबा, तूं ज्यावर रचतोस तें कोण राखतो? त्यांतलें थोडें राखण्याचें काम तूं कधीं केलेंस काय? आणि ज्यांना ही विद्या येत नाहीं त्यांनींहि हात जोडून बसण्याचें कारण नाहीं. 'तऱ्हा' या शब्दांतील र कोठें मोडलेला दिसला, तर तो कोठें, कोणत्या फॉन्टांत, कोणत्या यंत्रावर मोडला हें नीट लिहून कळवावें. असें पत्र हेंहि बलुतेंच आहे.

बाभळीच्या बंधाऱ्यावर १ मार्च रोजीं पाणी खालीं सोडतात. वरच्यानें खालच्याचा वांटा मान्य केल्याची ती खूण आहे. खालच्यानें वरच्याचा वांटा मान्य करण्याचा दिवस मात्र अजून कोणीं नेमलेला नाहीं. तो ज्यानें त्यानें आपल्या घरीं नेमावा, एवढेंच सांगून मी आपली रजा घेतों.